पिन काढली की कार्डावर काय उरतं?

हातचं काही : वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

गणपती झाले, महालक्ष्म्या झाल्या, आणि दिवाळी दिसायला लागली की माझ्याकडे कार्डांचे प्रश्न यायला लागतात, दरवर्षीचंच आहे. पण यंदा गंमत अशी की बहुतेकांना एकच गोष्ट करायचीये, हाताने केलेलं ग्रीटिंग कार्ड आणि त्यावर उठावाची एक पिन, जी काढून साडीला नाहीतर कुर्त्याला लावता येईल. म्हणून या महिन्यात बाकी सगळं (तो गोधडीवाला प्रश्नसुद्धा, सॉरी काकू) पुढच्या अंकात. आज फक्त पिनवाली कार्डं.

प्रश्न : ताई, दिवाळीनंतर माझ्या आजीला ७५ पूर्ण होतायत. मला तिच्यासाठी कार्ड करायचंय ज्यावर उठावाची पिन असेल आणि ती काढून आजी पदराला लावेल. तिच्याकडे होळकरांच्या वेळचा चांदीचा रुपया आहे, त्यावर सूर्याचा चेहरा आहे, तोच सूर्य पिनवर हवाय. दोनदा करून बघितलं. पहिल्यांदा पत्रा फाटला. दुसऱ्यांदा पिन बरी झाली पण कार्ड उभं केलं की तोंडावर पडतं, आणि पिन काढली की कार्डाला दोन मोठी भोकं दिसतात. काय चुकतंय?
— एक नात, राजेंद्रनगर

उत्तर : अगं, सूर्याचं नंतर बोलू, आधी भोकांचं बोलते, कारण तिथेच सगळ्यांचं चुकतं. आपण कार्ड करतो ते पिन लावलेलं कार्ड डोळ्यासमोर ठेवून करतो, फोटो पण तसाच काढतो, आणि आजीने ज्या मिनिटाला पिन काढली त्या मिनिटाला तिच्या हातात काय उरणार ह्याचा विचार कोणीच केलेला नसतो. पिन तर पदरावर जाणार. कार्ड जाणार कपाटातल्या त्या डब्यात जिथे तिने तुझ्या आजोबांची पत्रं ठेवलीयेत. म्हणून मी उलटीकडून सुरू करते, आधी पिन नसलेलं कार्ड पूर्ण करायचं, तसंच्या तसं द्यायला लाज वाटणार नाही इतकं, आणि मग पिनला जागा द्यायची.

आणि कागदाला भोक पाडूच नकोस. घरात एखादी जुनी महेश्वरी असेलच, इंदूरच्या मराठी घरात नसेल तर मला आश्चर्य वाटेल, महेश्वर आपल्यापासून नव्वद-एक किलोमीटर. विरलेली, नेसण्यापलीकडे गेलेली घे (आजीला विचारून हं, न विचारता काठ कापलेत तर कार्ड बाजूलाच राहील). तिचा काठ असेल तेवढ्या रुंदीचा काप, तीन-चार सेंटिमीटर पुरे, आणि कार्डाच्या पुढच्या बाजूवर आडवा पट्टा म्हणून घाल. पट्ट्याची दोन्ही टोकं कडेवरून आत वळवून फक्त तिथे चिकटव, मधला भाग मोकळा राहू दे, बोट आत जाईल इतका. पिन त्या काठातच टोचायची. कापडाच्या विणीतून पिन गेली आणि निघाली तर तिथे काही दिसत नाही, नखाने जरा घासलं की धागे परत जवळ येतात. महेश्वरीच्या काठावर वीट, चटई, हिरा अशी नक्षी असते, तिच्यामुळे तो पट्टा पिन नसतानाही नुसता छान दिसतो. आणि पट्ट्याखाली कागद कोराच राहतो, त्याचं काय करायचं ते शेवटच्या प्रश्नात सांगितलंय.

आता तोंडावर पडण्याचं. जरा हिशोब कर. ए-फोर आकाराचा ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा) एक कागद साधारण १९ ग्रॅमचा असतो. त्याचा अर्धा घेऊन तू कार्ड केलंस म्हणजे आख्खं कार्ड झालं ९ ग्रॅमच्या आसपास, पुढची बाजू त्याच्या निम्मी. आणि त्यावर तू एम-सील भरलेली पिन लावलीस जी एकटीच १० ग्रॅमला जाऊ शकते. मग पडणार नाही तर काय! पुस्तकासारखं उघडणारं कार्ड करू नकोस, तंबूसारखं कर, घडी वर आणि दोन पाय खाली. अर्ध्या ए-फोरची २१ सेंटिमीटरची बाजू मधोमध दुमडलीस की साडेदहा उंच आणि पंधराला जरा कमी रुंद असं कार्ड होतं. पिन खालच्या तिसऱ्या भागात लाव, वर मधोमध नको, डोळ्याला वर बरं दिसतं हे मान्य आहे पण मग परत तेच. आणि दोन्ही पायांना आतून जोडणारी कागदाची एक पट्टी लाव म्हणजे ते टेबलावर फाकत जाणार नाहीत.

घडीबद्दल एक, कारण हे कोणी सांगत नाही. जाड कागद दुमडायच्या आधी रिफिल संपलेल्या पेनने पट्टी धरून रेघ दाब, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण दाबलेली खाच बाहेरच्या बाजूला राहायला हवी आणि तिचा फुगवटा आत, आपण सगळे सवयीने उलटं दुमडतो. आणि कागदाच्या तंतूंना एक दिशा असते, कागद दोन्ही हातात धरून न मोडता नुसता वाकवून बघ, एका बाजूने तो लगेच ऐकतो आणि दुसरीकडून हट्ट करतो, जिकडे ऐकतो तिकडेच घडी घालायची नाहीतर घडीवर पांढऱ्या चिरा पडतात. मी हे खजुरी बाजारात एका बाइंडरकडे बसून शिकले, तो दिवसभर कागद असेच वाकवून बघायचा आणि मी लहान होते तेव्हा मला वाटायचं ह्याला उद्योग नाही.

चल, सूर्य. तुझा पत्रा फाटला म्हणजे तू एक तर स्वयंपाकघरातली फॉइल घेतलीस, नाहीतर कोल्ड्रिंकचा कॅन कापलास. फॉइल फारच पातळ असते आणि कॅनचा पत्रा कडक असतो, तो वळत नाही, चिरतो, आणि त्याच्या कडेने बोट कापतं ते वेगळंच. ह्या दोघांच्या मधलं पाहिजे. क्राफ्टच्या दुकानात एम्बॉसिंगची शीट मिळते, तांब्याची, पितळेची नाहीतर ॲल्युमिनियमची, ०.१ मिलिमीटरची माग. नाही मिळाली तर हॉटेलातून जेवण पॅक होऊन येतं ना त्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा तळ, धुऊन, चमच्याच्या पाठीने सपाट करून. फुकटातलं आणि अगदी मऊ, मी अजूनही नवीन चित्र आधी त्यावरच करून बघते.

करायचं कसं, तर पत्रा उलटा करून मऊ गोष्टीवर ठेव, जुना माउसपॅड बेस्ट, नसेल तर वर्तमानपत्राची जाड घडी. सूर्याचे गाल, नाक, ओठ सगळं मागून दाबायचं, रिफिल संपलेलं पेन नाहीतर कानातल्या काडीची गोल बाजू, एकदम जोर नाही, हळूहळू गोल गोल. मग पत्रा सुलटा करून टाइलवर नाहीतर काचेवर ठेव आणि पुढून टोकदार वस्तूने गालाच्या बाहेरची रेघ दाब म्हणजे गाल उठून दिसतो. परत उलटा, परत सुलटा. चार-पाच वेळा. उठाव मागून दाबल्याने येतो पण चेहरा पुढच्या रेघेने येतो, ही रेघ नसेल तर सूर्य न होता भजं होतं (झालंय माझं). सराफ्यात दिवसा कधी गेलीस, रात्री नाही, रात्री तू भुट्ट्याचा कीस खायलाच जाशील, तर चांदीचं उठावाचं काम करणारा एखादा कारागीर बघ, तो हेच करतो, फक्त माउसपॅडच्या जागी त्याच्याकडे राळ, विटेची पूड आणि तेल ह्यांचा गोळा असतो, गरम केला की मऊ, गार झाला की धरून ठेवणारा. महालक्ष्म्यांचे चांदीचे मुखवटे असेच घडतात.

पण तुझ्याकडे खरा रुपया आहे, मग एवढे कष्ट कशाला? ह्याला मात्र पातळ फॉइलच पाहिजे, दुहेरी, कारण नाण्यावरची बारीक नक्षी जाड पत्र्यात हाताने उतरत नाही. रुपया दोन-तीन सेंटिमीटरचा असेल, फॉइल पाच सेंटिमीटरची काप, नाण्यावर पसर आणि खोडरबरने नाहीतर कापूस लावलेल्या काडीने मधून बाहेर घासत जा, पाच मिनिटांत सूर्य हसायला लागतो. फॉइल नाण्यावर घासली की ठसा सुलटाच येतो, पण मागून हाताने अक्षरं काढशील तर ती उलटी काढावी लागतात, हे विसरून एका मुलीने मला "आई"च्या जागी काहीतरी भलतंच लिहून आणलं होतं. आणि हात जोडून सांगते, ते नाणं चिंचेने, लिंबाने, पितांबरीने घासू नकोस. जुन्या नाण्यावरचा काळपटपणाच जाणकारांना हवा असतो, चकचकीत केलं की त्याची किंमत पडते. मऊ फडक्याने नुसती धूळ पुस. होळकरांचं कुलदैवत खंडोबा, म्हणजे मल्हारी मार्तंड, आणि मार्तंड म्हणजे सूर्यच, हे आजीला माहीत असेल पण कार्डात आत बारीक लिहिलंस तर तिला सांगायला विषय मिळेल.

ठसा झाला की तो मागून भरायचाच, नाहीतर पहिल्या मिठीत सूर्य चेपणार. पातळ फॉइल असेल तर आधी मागून फेविकॉलचा हात, वाळू दे, परत एक हात, आणि रात्रभर वाळल्यावर एम-सील. दोन्ही वड्या सारख्या घेऊन एकच रंग होईपर्यंत मळ, हातात मोजे घाल. आता महत्त्वाचं. ब्रूचची जी आडवी पट्टी मिळते तिला बहुतेक वेळा दोन-तीन भोकं असतात आणि ती कशाला असतात हे लोक विचारत नाहीत. एम-सील ओलं असतानाच पट्टी त्यात दाब म्हणजे ते भोकांतून वर येतं आणि वाळल्यावर रिव्हेटसारखं धरून ठेवतं, वेगळा गोंद लागतच नाही. बिजागरीला आधी व्हॅसलिनचं बोट लाव म्हणजे तिथे एम-सील गेलं तरी चिकटणार नाही. आणि पट्टी मधोमध नको, वरच्या तिसऱ्या भागात, नाहीतर पिन पदरावर पुढे मान टाकते.

फेविक्विक नको. ते वाळलं की काचेसारखं ठिसूळ होतं, एक धक्का बसला की सुटतं, आणि आजूबाजूला पांढरी वाफ धरल्यासारखे डाग पडतात. माझी पहिली पिन फेविक्विकची होती, एका हळदीकुंकवाला मामींच्या पदरावरून सुटून सरळ त्यांच्या पोह्यांत पडली आणि मामींनी ती डाळिंबाचा दाणा समजून उचलली पण. त्या दिवसापासून मी एम-सीलवाली. आता गुळगुळीत लाकडावर पिन लावायची असेल तर दोन ट्यूबचं अरल्डाइट चालेल, पण त्याला २४ तास हात लावायचा नाही, आणि तेवढा धीर तुमच्या पिढीत कोणाला आहे?

राहिलं कडेचं. फॉइल किंवा पत्रा चित्रापेक्षा सगळीकडून अर्धा-एक सेंटिमीटर जास्त ठेवलेला असतो, त्याला कात्रीने चिरा देऊन मागे पुठ्ठ्याच्या चकतीवर दुमड, कड बोचणार नाही. शेवटी काळा बूटपॉलिश लावून लगेच पुसून घे, खोलगट भागात काळं राहतं आणि सूर्य खरंच शंभर वर्षांचा वाटतो. तांब्याची केलीस तर वरून बिनरंगाचं नेलपॉलिश, नाहीतर पावसाळ्यापर्यंत ती काळी पडेल.

प्रश्न : ताई, सुनेने वाढदिवसाला असंच पिनवालं कार्ड दिलं, फार सुंदर आहे, पण मी फक्त रेशमी साड्या नेसते आणि पिनने भोक पडेल म्हणून लावायची हिंमत होत नाही. ती म्हणते मागे चुंबक लावून देते. चालेल ना? मला दोन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवलाय, तेवढं सोडलं तर तब्येत ठणठणीत.
— एक सासूबाई, रामबाग

उत्तर : काकू, "तेवढं सोडलं तर" म्हणून तुम्ही जे शेवटी लिहिलंत तेच उत्तर आहे. नाही चालणार. ब्रूचमागे जे छोटे चुंबक लावतात ते निओडिमियमचे असतात, दिसायला शेंगदाण्याएवढे पण ताकद भलतीच, आणि पेसमेकरच्या जवळ चुंबक आला तर त्याचं काम बदलू शकतं. असे चुंबक पेसमेकरपासून १५ सेंटिमीटर तरी लांब ठेवायला सांगतात आणि तुम्ही पिन लावणार डाव्या खांद्याखाली, म्हणजे बरोबर त्याच्यावरच! सुनेला प्रेमाने सांगा, तिला कल्पना नसेल. आणि घरात नातवंडं लहान असतील तर हे चुंबक घरातच नकोत, दोन गिळले गेले तर आतड्यांना मधे चिमटा बसतो आणि पोटात ऑपरेशनची वेळ येते.

आता साडीचं. भोकाची भीती बरोबर आहे पण जरा जास्त आहे. बारीक आणि गुळगुळीत टोकाची पिन धाग्यांच्या मधून जाते, धागा तोडत नाही. धागा तुटतो तो बोथट किंवा गंजक्या पिनने, आणि जरीवर लावल्याने, म्हणून काठावर, बुट्टीवर कधीच नाही. पदराच्या निऱ्या खांद्यावर एकावर एक येतात तिथे सगळ्या थरांतून ब्लाउजसकट घ्या, वजन एका थरावर येत नाही. आतून फेल्टचा नाहीतर जुन्या ब्लँकेटचा रुपयाएवढा तुकडा ठेवून त्यातून पिन काढा. पैठणीवर मी तरीही लावणार नाही. नीमरेशमी महेश्वरीवर लावते, तिच्यात आडवा धागा सुती असतो, ती सोसते.

प्रश्न : ताई नमस्कार, मी भंवरकुव्याला हॉस्टेलमध्ये राहतो, कोचिंग चालू आहे. एका खास व्यक्तीसाठी कार्ड करतोय. पत्र्याचं काम जमत नाही म्हणून एम्बॉसिंग पावडर मागवली, ठसा मारला, पावडर टाकली, आणि रूममेटच्या हेअर ड्रायरने गरम केलं तर सगळी पावडर उडून त्याच्या नोट्सवर गेली. हीट गन घ्यायला पैसे नाहीत. काही जुगाड?
— (नाव छापू नका प्लीज)

उत्तर : नाही छापलं, भिया. ड्रायर हवा जोरात मारतो आणि तापतो कमी, केस वाळवायला ते ठीक आहे, पावडर वितळवायला उलटं पाहिजे, भरपूर ताप आणि कमी वारा. तुझ्याकडे प्रेस असेलच. स्टीम बंद, सगळ्यात वरच्या नंबरला लावून उलटी धर, दोन बाजूंना पुस्तकांचा आधार दे (कोचिंगची मोड्यूलं शेवटी कामाला आली), आणि चिमट्याने कार्ड प्रेसच्या बोटभर वर धर. खालून ताप लागला की पावडर उडत नाही. आधी वाळूसारखी दिसेल, मग एकदम ओली झाल्यासारखी चमकेल, चमकली की लगेच बाजूला. जास्त वेळ धरलंस तर कागदात मुरते आणि फिकी, तेलकट दिसायला लागते. खिडकी उघडी ठेव आणि रूममेटला बाहेर पाठव.

शाई मात्र ऑफिसच्या स्टँपपॅडची घेतली असशील तर ती पावडर पडायच्या आधीच वाळते. हळू वाळणारी पिगमेंट शाई पाहिजे. आणि पावडर नको तिथे पण चिकटत असेल तर कागद दमट आहे, ठसा मारायच्या आधी कागद जरा शेकून घे आणि टाल्कम पावडरचा हलका हात फिरवून झटक.

पिन करायचीये ना? मग ठसा कार्डवर मारू नकोस, दोन मिलिमीटरच्या बाइंडिंगच्या पुठ्ठ्याची चकती काप, तिच्यावर पावडरचा एक थर वितळव, गरम असतानाच दुसरा, मग तिसरा. तीन थरांनी मिनाकारीसारखी चमक येते. वाकवू नकोस, तडकेल. मागे सेफ्टीपिन लावायची असेल तर ती फेल्टच्या तुकड्यावर शिवून तो आख्खा तुकडा चिकटव, कागदावर सरळ चिकटवलेली सेफ्टीपिन पहिल्याच दिवशी सुटते, आणि खास व्यक्तीसमोर सुटली तर तुझं तू बघ.

प्रश्न : आमच्या भगिनी मंडळाला अहिल्योत्सवासाठी पन्नास कार्डं करायचीत, प्रत्येकावर एकसारखी पिन. अहिल्यादेवींचं चित्र नको असं ठरलंय, नीट आलं नाही तर वाईट दिसेल. मग काय घ्यावं? आणि पन्नास वेळा हाताने उठाव कसा करायचा?
— भगिनी मंडळ, लोकमान्यनगर

उत्तर : चित्र नको हा निर्णय मला फार आवडला, नाहीतर गेल्या काही वर्षांत कुठल्या कुठल्या चेहऱ्यांच्या अहिल्यादेवी बघायला लागल्यात! अहिल्यादेवींच्या काळच्या महेश्वर टांकसाळीच्या नाण्यांवर शिवलिंग आणि बेलाचं पान असायचं, तुम्ही बेलाचं पान घ्या. तीन पानं, सोप्या रेषा, कोणालाही जमेल आणि बघणाऱ्याला लगेच कळेल.

पन्नास वेळा उठाव करायचा नाही, एकदाच ठसा करायचा. जाड पुठ्ठ्यातून बेलाचं पान कापा, त्याच आकाराचं जरा लहान दुसरं कापून वर चिकटवा म्हणजे मधे उंच होईल, शिरांच्या जागी जाड दोरा फेविकॉलने बसवा, आणि सगळं एका चौकोनी पुठ्ठ्यावर पक्कं करा. दोन दिवस वाळू द्या, वरून वार्निशचा हात म्हणजे पन्नास वेळा घासून पुठ्ठा सोलणार नाही. मग पत्रा वर ठेवून घासत सुटा, एक बाई घासेल, एक कापेल, एक मागून भरेल. चार सेंटिमीटरचे चौकोन धरलेत तर ए-फोर शीटमधून ३५ निघतात, म्हणजे दोन शीटमध्ये पन्नास होऊन वर बिघडायला वीस उरतात, आणि बिघडतात हो, पहिले आठ-दहा तर नक्की. इतक्या पिना भरायला एम-सील बरंच लागेल, एकदम सगळं मळू नका, दहा पिनांपुरतं मळा, नाहीतर चहा येईपर्यंत ते दगड होऊन बसतं.

आणि पन्नास कार्डांना काठ कुठून आणणार, साड्या कापत बसू नका. इथे सुती नाडी नाहीतर पिवळी रिबन चालेल.

प्रश्न : पुण्याला भावाकडे असं कार्ड पोस्टाने पाठवलं, पोचलं तेव्हा पिन पाकीट फाडून बाहेर आली होती.
— एक बहीण, सुदामानगर

उत्तर : पातळ पाकिटात उंच वस्तू घातली की ती कुठेतरी दबणार, घासणार, फाडणार. पिन काठात लावून पाठवू नका. तिला वेगळी, बंद करून, थर्माकोलच्या चौकटीत बसवा, चौकट पिनेपेक्षा जरा उंच हवी, वर-खाली पुठ्ठा, मग कार्ड, मग बबलवालं पाकीट. आत चिठ्ठी टाका की पिन पट्ट्यात कुठे लावायची. भाऊ लावणार नाही, वहिनी लावेल.

प्रश्न : सगळं वाचतो तुमचं, पण खरं सांगा, ऑनलाइन दोन दिवसांत तयार कार्ड येतं, पिनसकट, फिनिशिंग तुमच्यापेक्षा भारी. एवढी मेहनत कशाला?
— एक स्पष्टवक्ता, टिळकनगर

उत्तर : येतं की, घ्या. फिनिशिंग माझ्यापेक्षा भारी असतं हेही खरं आहे, मी मागवून बघितलंय. फक्त त्याच्या पिनेमागे बघा, बहुतेक ठिकाणी गोंदाचा ठिपका असतो आणि बस. आणि तुमच्या आजीचा रुपया त्यांच्याकडे नाही.

प्रश्न : ताई, पिनखाली काय लिहू? चार ओळींची कविता केलीये पण पट्ट्याखाली मावत नाही.
— एक आई, स्नेहलतागंज

उत्तर : कविता आतल्या पानावर लिहा, तिथे जागाच जागा आहे. पट्ट्याखालची जागा तीन-चार सेंटिमीटरची, आणि ती पिन काढल्यावर, पट्टा बोटाने उचलल्यावरच दिसते, म्हणजे वाचणाऱ्याच्या एका हातात तेव्हा पिन असणार आणि चष्मा बहुतेक कपाळावर. मोठ्या अक्षरात तीन-चार शब्द. पेन्सिलने आधी लिहून बघा, मग शाईने, आणि शाई पूर्ण वाळल्याशिवाय काठ वर घालू नका, माझ्या एका कार्डावर "शुभेच्छा"चं "च्छा" महेश्वरीला लागलं ते अजून निघालेलं नाही.

शाळेत असताना माझ्या वर्गातल्या एका मुलीने पणजीसाठी असं कार्ड केलं होतं, सूर्य वगैरे काही नाही, आंब्याचं पान, तेही वाकडं. पट्ट्याखाली तिने लिहिलं होतं, "लावलीस का? आता आरशात बघ."